बाजेखालचं कोहळं

अहेरीत कोणाच्या घरी गेलात आणि बसायला बाज मिळाली, तर पाय जपून खाली सोडा. दिवाळी ते होळी या दिवसांत बाजेखाली कोहळं असतं, आणि ते कधी एकटं नसतं. पुढचं तुमच्या टाचेला लागतं, ते सरकून मागच्यावर आपटतं आणि आतून आवाज येतो, “देठ तं नाही ना मोडला जी?” तुमच्या टाचेची चौकशी नंतर होते. होईलच असंही नाही.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी इथून पुढे कोहळं म्हणजे तांबडा भोपळा समजावा. पेठ्याचा पांढरा कोहळा वेगळा, त्याचं राजकारणही वेगळं.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून निघून गडचिरोली जिल्हा झाला, आणि तेव्हापासून आमच्या भागावर जे काही लिहून येतं त्यात साग, बांबू, मोह, तेंदू आणि धान असतं. कोहळं नसतं. सागाला आलापल्लीत डेपो आहे, धानाला ढोली आहे, मोहाला टोपली आहे. कोहळ्याला गोदाम नाही, हमीभाव नाही, त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढलेला नाही. आलापल्लीच्या जुन्या सागवनाला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आमच्या शेजारच्या मामींच्या बाजेखाली संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून एक कोहळं मुक्काम ठोकून आहे. त्याचाही प्रस्ताव कोणीतरी पाठवायला हवा.

कोहळं लावणं याला आमच्याकडे शेती म्हणत नाहीत. मृगाचा पाऊस पडला की सांदवाडीच्या कोपऱ्यात, शेणखताच्या खड्ड्याजवळ, चार बिया टोचायच्या आणि विसरून जायचं. पुढचं सगळं वेल बघतो. तो आधी मांडवावर चढतो, मांडवावरून कवेलूंवर जातो आणि स्वतःची कवेलू संपली की शेजाऱ्याच्या कवेलूंवर. मूळ आमचं, छप्पर त्यांचं, मग फळ कोणाचं? या विषयावर वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं मला माहीत आहेत. तंटामुक्त समितीत असले वाद ‘अर्धं अर्धं घ्या’ म्हणून मिटवायचं कोणी सुचवलं, तर दोन्ही पक्ष घाबरतात. अर्धं कोहळं ही काय आपत्ती असते ते पुढे येईलच.

वेल सुकायला लागला की काकाजी कामाला लागतात. आमच्या काकाजींना गल्लीत कोहळ्याचे जाणकार मानलं जातं. कोहळं तोडायला झालं की नाही हे त्यांना न विचारता कोणी ठरवत नाही, आणि विचारल्यावर ते कधीही लगेच सांगत नाहीत. आधी देठ बघतात. हिरवा, रसरशीत असेल तर मान हलवतात. सुकून बुचाच्या लाकडागत झाला असेल तर अंगठ्याचं नख सालीत रोवून बघतात. नख रुतलं तर कोहळं कच्चं, नख दुखलं तर पक्कं. शेवटी एक थाप मारून कान लावतात. थापेतून त्यांना काय ऐकू येतं ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझा अंदाज आहे की काहीही ऐकू येत नसावं, पण थाप मारल्याशिवाय लोकांना सल्ला घेतल्यासारखं वाटत नाही.

बाकी त्यांच्या दोन्ही कसोट्या शेतकी पुस्तकांत तशाच्या तशा छापलेल्या आहेत. पुस्तकं म्हणतात, देठ चार बोटं ठेवून तोडा. देठ मुळाशी तुटला तर तिथे उघडी जखम राहते आणि कूज तिथूनच आत शिरते. म्हणून कोहळं देठाला धरून उचलायचं नाही. देठ ही त्याची शेंडी नव्हे, त्याचं बूच आहे. पुस्तकं पुढे म्हणतात की तोडल्यावर दहाएक दिवस २७ ते ३० अंशांच्या उबेत ठेवा, म्हणजे साल टणक होते आणि लहानसहान ओरखडे भरून येतात. परदेशात यासाठी म्हणे खोल्या तापवतात. अहेरीच्या ऑक्टोबरात कवेलूंवर ठेवलेल्या कोहळ्याला ही सेवा फुकट मिळते, वर थोडी जास्तच मिळते.

त्यानंतरची अट मात्र कडक आहे. १० ते १३ अंश तापमान, बेताची दमट हवा, अंधार नसला तरी ऊन नको, आणि हवा खेळती. ही अट वाचली तेव्हा मला प्रथम वाटलं की असं ठिकाण एखाद्या मंत्र्याच्या बंगल्यातच असणार. पण पौषात आमच्याकडे रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो. ताटव्याला माती लिंपलेल्या भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि जमिनीवर धानाची तणस. अशा घराच्या बाजेखाली नेमकी तीच हवा असते. बाज दोरीची, म्हणजे वरूनही वारा. आजीने काही पुस्तक वाचलं नव्हतं, पण तिची कोहळी एकमेकांना खेटून कधी नसायची. दर आठ दिवसांनी ती प्रत्येकाला थोडं फिरवून ठेवायची, कारण एकाच बाजूवर बसलेलं कोहळं तिथेच ओल धरतं. नातवंडांची कूस तिने कधी एवढ्या नेमाने बदलली नसेल.

पुढे घरकुलं आली आणि कोहळ्यांची पंचाईत झाली. वर टिन, खाली सिमेंट. टिन दिवसा तापतं, सिमेंट रात्री गार पडतं आणि कोहळ्याच्या बुडाला घाम फुटतो. मामींच्या नव्या घरकुलात पहिल्याच वर्षी तीन कोहळी बुडातून गेली. तेव्हापासून मामी राहतात घरकुलात आणि कोहळी राहतात जुन्या मातीच्या घरात. लाभार्थ्याने जुन्या घराचं काय केलं असं विचारायला एकदा कोणी साहेब आले होते. मामींनी दार उघडून दाखवलं. साहेब जाताना एक कोहळं घेऊन गेले.

आता मूळ प्रश्न. कोहळं टिकतं किती? घाईत तोडलेलं, देठ मोडलेलं, बंडीतून धडधडत आणलेलं कोहळं महिनाभरही दम धरत नाही. नीट पिकून, नीट तोडून, नीट ठेवलेलं दोन-तीन महिने सहज राहतं. जातिवंत जाड सालीचं असेल तर पाच-सहा महिने. आणि गंमत अशी की पहिले दीड-दोन महिने ते नुसतं टिकत नाही, सुधारतं. आतल्या पिठूळपणाची हळूहळू साखर होते, रंग गडद होतो. दिवाळीचं कोहळं संक्रांतीला जास्त गोड लागतं ते मनाचे खेळ नव्हेत. पण या सुधारण्यालाही अंत आहे. होळीनंतर ऊन चढलं की ते आतल्या आत पोकळ व्हायला लागतं, वजन घटतं, गर दोरे दोरे होतो. फारच थांबलं तर आतल्या बियांना कंटाळा येतो आणि त्यांना पोटातच कोंब फुटतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा अहेरीत माणसंसुद्धा टिकत नाहीत, कोहळ्याला नावं कशाला ठेवायची.

टिकण्याचा जागतिक उच्चांक पाहायचा तर मेक्सिकोत जावं लागेल. तिथल्या वाहाका प्रांतातल्या एका गुहेत भोपळ्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. कोहळं मुळात अमेरिका खंडाचं, कोलंबसानंतर ते इकडे आलं. हे मी मामींना सांगितलं. मामींनी ते मान्य केलं नाही. तेवढ्यात न्यू जर्सीतल्या भाच्याचा फोटो आला होता, तोही दाखवला. दारात कोहळं, त्याला डोळे-नाक-दात कोरलेले, आत दिवा. हॅलोवीनला तिकडे घरोघर असंच करतात आणि आठवडाभरात कोहळं कुजलं की फेकून देतात, असं सांगितल्यावर मामी बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कापलं आन् खाल्लं नाही? मंग त्याईचं नसन ते. दुसऱ्याचंच असन.”

कोल्हापूरकडून बदलून आलेले एक बँक मॅनेजर आमच्या गल्लीत एकटे राहायचे. त्यांच्याकडे लोक कर्जाच्या कामासाठी येत. काम झालं की आभार मानायला येत, आणि कोरडे आभार कसे मानायचे म्हणून कोहळं आणत. लाच म्हणावी तर फार मोठी, भेट म्हणावी तर फार जड. साहेबांना नाही म्हणता यायचं नाही, कारण आणणारा माणूस ते डोक्यावर घेऊन पायी आलेला असायचा. पहिलं कोहळं आलं तेव्हा त्यांनी विचार केला की भाजी आहे, फ्रिजमध्ये ठेवू. फ्रिजमधल्या दोन जाळ्या काढल्या, दुधाचं पातेलं बाहेर काढलं आणि कोहळं आत बसवलं. दाराला दोरी बांधावी लागली. अख्ख्या कोहळ्याला दहा अंशांखालची थंडी सोसत नाही. सालीला खड्डे पडतात, आतला गर पाणी धरतो आणि बाहेर काढलं की ते दोन दिवसांत बसतं. दूध बाहेर ठेवल्यामुळे नासलं आणि कोहळं आत ठेवल्यामुळे.

दुसरं आलं तेव्हा साहेब शहाणे झाले होते. त्यांनी ते शाखेतल्या शिपायाला दिलं. शिपायाच्या घरी आधीच चार होती, त्याने ते मुलाच्या मास्तरांना दिलं. मास्तरांनी ते लग्नाच्या आहेरात दिलं. लग्नघरातून ते कोणाच्या तरी बंडीत बसलं, आणि माघ महिन्यात एक दिवस मामींच्या सपरीवर येऊन उतरलं. मामींनी ते फिरवून पाहिलं. वरच्या अंगाला कवेलूच्या कडेचा आडवा व्रण होता. “हे तं माहंच हाय,” मामी म्हणाल्या. मॅनेजर साहेबांना पहिल्यांदा ते त्यांनीच दिलं होतं. एवढ्या प्रवासात देठ शाबूत होता, याचं सगळ्या गल्लीने कौतुक केलं. कोणीही ते कापलं कसं नाही, याचं आश्चर्य कोणालाच वाटलं नाही.

खरी गोम इथेच आहे. अख्खं कोहळं सहा महिने टिकतं आणि कापलेलं चार दिवस. कागदात गुंडाळून, बिया काढून फ्रिजमध्ये ठेवलं तर फार तर आठवडा. म्हणजे पातं लागलं की उलटी गिनती सुरू. आठ किलोचं कोहळं कापायचं तर घरात तेवढी तोंडं पाहिजेत. पूर्वी एका पंगतीला पंधरा पानं पडायची, तेव्हा कोहळं दुपारी कापलं की रात्री फक्त बिया उरायच्या, त्याही पोरं भाजून खायची. आता घरात दोघं, त्यातल्या एकाला साखरेचा आजार. दोन माणसांनी आठ किलो कोहळं चार दिवसांत संपवायचं तर सकाळी भाजी, दुपारी भाजी, संध्याकाळी बोंडं आणि रात्री भांडण. त्यापेक्षा बाजेखाली राहू द्या. कोणी पाहुणे येतील, काही कार्य निघेल, तेव्हा कापू. पाहुणे येतात, पण ते स्वतःचं कोहळं घेऊन येतात.

त्यात पहिला काप कोणी द्यायचा हा वेगळाच मामला. आमच्याकडे काही घरांत, आणि सीमेपलीकडे छत्तीसगडात तर सर्रास, अख्ख्या कोहळ्याला बाईमाणूस पहिलं पातं लावत नाही. तिकडे कोहळ्याला थोरल्या मुलाचा मान आहे, आणि आईने मुलावर पातं कसं चालवायचं? म्हणून पुरुषाला बोलावतात. जो माणूस वर्षभर स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा फिरकत नाही, तो त्या दिवशी बाह्या सरसावून येतो. पावशी त्याला झेपत नाही, मग विळा, मग कोयता, आणि अखेरीस अंगणात नेऊन कुऱ्हाड. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते त्या अंगणात सगळ्यांना दिसतं. कोहळ्याचे दोन भाग झाले की तो हात धुतो, बाजेवर आडवा होतो आणि चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “कोहळं मीच कापलो.” पुढचं सोलणं, चिरणं, फोडणी, वाढणं कोणी केलं याचा उल्लेख त्यात नसतो. ही प्रथा बायकांनी श्रद्धेपोटी जपली असं लोक मानतात. पक्क्या कोहळ्याची साल मी पाहिली आहे, आणि मला वाटतं त्यांनी ती पूर्ण विचारांती जपली.

एकदा कापलं की मात्र गल्ली जागी होते. अर्धं कोहळं ठेवायचं नसतं, वाटायचं असतं, आणि आजच्या आज. फाका करून ताटात घालून पोरांना पिटाळतात. आमची अहेरी प्राणहितेच्या काठाची, पलीकडे तेलंगणा. वांगेपल्लीजवळ पूल झाल्यापासून तर दोन्ही काठांचे पाहुणे कधीही येतात. तेलुगू बोलणाऱ्या घरी गेलेल्या फाकेचं चिंचेच्या कोळातलं दप्पळम होतं. मुलचेरा-चामोर्शीकडून आलेल्या बंगाली मास्तरांच्या घरी हरभरे घालून छक्का होतो. त्यांच्याकडे कोहळ्याची फुलंही तळून खातात, म्हणून काकाजी त्यांना वेलाजवळ एकटं सोडत नाहीत. लांब देठाची नर फुलं खाल्ली तर फळाचं काही बिघडत नाही हे मास्तरांनी त्यांना अनेकदा समजावलं आहे. आमच्या घरी गूळ घालून बोंडं. संध्याकाळी गेलेली सगळी ताटं परत येतात आणि एकही रिकामं येत नाही, म्हणजे दुपारी कसंबसं घराबाहेर काढलेलं कोहळं रात्री चार वेगवेगळ्या चवींत परत घरात. तरीही त्या दिवशी ते संपतं, ही गोष्ट महत्त्वाची. शीतगृहाच्या गप्पा करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा. आमच्याकडे कापलेलं कोहळं ठेवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे शेजाऱ्याचं पोट.

आमच्याकडच्या माडिया आदिवासींचं याबाबतीत वेगळं, शिस्तीचं आहे. नवं पीक आलं की आधी पंडुम करायचा, देवाला द्यायचं, सगळ्या गावाने मिळून खायचं. त्याआधी कोणी एकट्याने तोंडात घालायचं नाही. त्यांच्याकडे भोपळ्याच्याच कुळातला तुंबाही असतो. तो वाळवून, पोखरून त्यात पाणी नाहीतर पेज नेतात आणि तो वर्षानुवर्षं चालतो. कुळातल्या एकाला अशी कायमची नोकरी लागलेली आणि दुसरा मात्र आयुष्यभर बाजेखाली कार्यप्रसंगाची वाट बघत पडलेला, हे घरोघरी असतंच.

कापलेलं कोहळं संपवायच्या अडचणीवर शास्त्रज्ञांनी लहान कोहळ्याचा तोडगा काढला आहे. बंगळुरूच्या संस्थेने काढलेल्या ‘अर्का सूर्यमुखी’चं फळ किलोभराच्या आसपास असतं, टिकतंही चांगलं. दिल्लीच्या ‘पुसा विश्वास’चं पाच किलोपर्यंत जातं. लहान कुटुंबाला सूर्यमुखी उत्तम. मी हौसेने ते एक मामींना दाखवलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि विचारलं, “याची माय कुठं हाय?” असलं कोहळं कोणाला भेट देता येत नाही, पंगतीला पुरत नाही, बाजेखाली ठेवलं तर मांजर खेळवते. मामींच्या लेखी कोहळं म्हणजे दोन हातांनी उचलताना तोंडातून ‘आई गं’ निघालं पाहिजे.

त्या हिशोबाने अमेरिकेतला एक बागकामाचा मास्तर मामींना आवडला असता. २०२३ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत १,२४७ किलोचं कोहळं आणलं होतं. असलं कोहळं कापायला कुऱ्हाड नव्हे, वनविभागाची परवानगी लागेल, आणि त्याच्या फाका अहेरीपासून सिरोंच्यापर्यंत पोचवाव्या लागतील. पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात दर ऑक्टोबरात हत्तींना असली महाकाय कोहळी देतात. हत्ती एक पाय ठेवतो, कोहळं फुटतं, पुढे काही उरत नाही. आमच्याच तालुक्यात कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे. तेव्हा बाजेखालची गर्दी फारच वाढली तर तोही एक विचार करण्याजोगा उपाय, असं मी काकाजींना सुचवलं. काकाजी म्हणाले, “हत्ती उद्या वापस काही देणार हाय का?” ताट रिकामं परत येणार असेल तर व्यवहार नको, असं त्यांचं म्हणणं.

राहता राहिलं नागपूरला शिकणाऱ्या मुलांचं. त्यांना कोहळं पाठवायचं ते एसटीने. वर ठेवलं तर ब्रेक लागल्यावर कोणाच्या तरी डोक्यात पडणार, खाली ठेवलं तर पहिल्या वळणावर ते ड्रायव्हरच्या भेटीला निघणार. म्हणून ते मांडीवर घेऊन बसावं लागतं. आलापल्ली, आष्टी, मग चंद्रपूर, मग नागपूर, दिवसभर. शेजारचा प्रवासी विचारतो, “घरचं का जी?” आणि तुम्ही हो म्हणालात की वरोऱ्यापर्यंत त्याच्या घरच्या कोहळ्यांची हकीगत ऐकावी लागते. इतकं करून होस्टेलवर पोचलेलं कोहळं मुलं टेबलाचा चौथा पाय म्हणून वापरतात. तिथे ते जमिनीला टेकून एकाच कुशीवर असतं, तेव्हा निदान दर आठ दिवसांनी फिरवा, एवढी तरी सूचना त्यांना फोनवरून द्यावी.

आता फाल्गुन लागला आहे. पुढे ऊन चढेल. आमच्या बाजेखाली दोन आहेत, दोन्ही पक्की, देठ शाबूत, एक साधारण नऊ किलोचं. तालुक्यात कोणाकडे लग्न, तेरवी, महाप्रसाद, बारसं, काहीही असेल तर कृपया कळवावं. येताना पिशवी नको, पोतं आणावं. अख्खंच न्यावं लागेल, फाक कापून मिळणार नाही. उचलताना देठाला धरू नये. आणि ज्याला वरच्या अंगाला कवेलूचा आडवा व्रण आहे, ते पुन्हा आमच्या घरी आहेरात देऊ नये. ओळखू येतं.